स्वभावाला औषध: सोळा आठवडे स्वतःवर प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी

"अगं, स्वभावाला औषध असतंय व्हय कुठं?" सासूबाईंच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की माझाही त्यावर विश्वास बसला होता. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका पतसंस्थेत मी सतरा वर्षं काम करते. हिशेबात चूक नाही. पण टेबलावरचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा, साहेबांनी "जरा आत या" म्हटलं की तळहात ओले व्हायचे, आणि दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं संध्याकाळी मुलीवर निघायचं. वडील असेच होते, आत्याही अशीच. म्हटलं, रक्तातच आहे.

काही अंशी ते रक्तात असतंच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक असतो, त्यातला साधारण चाळीस ते पन्नास टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला असतो. पण आनुवंशिक म्हणजे न हलणारं, असं नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलं होतं की तिशीपर्यंत माणसाचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. सासूबाईंचंच म्हणणं ते. पुढे २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र तपासले. उपचार किंवा ठरवून केलेल्या प्रयत्नांनंतर लोकांच्या स्वभावात मोजता येईल असा बदल झालेला त्यांना दिसला. सरासरी कालावधी होता २४ आठवडे, आणि सगळ्यात जास्त हललेला गुण होता भावनिक अस्थिरतेचा. म्हणजे घाबरणं, चिडणं, मनाला लावून घेणं. नेमकं माझं दुखणं.

गेल्या वर्षी मी सोळा आठवडे हा प्रयोग स्वतःवर केला. सुरुवातीला फार गोंधळ झाला, पैसेही वाया गेले. तुमचं तसं होऊ नये म्हणून जे केलं ते क्रमाने लिहिते.

काय काय लागेल

- दोनशे पानी वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहायला गेलात तर दुसरंच काहीतरी उघडून बसाल.
- भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यावर रोज एक खूण करता येईल.
- खरं बोलणारं एक माणूस: जोडीदार, मुलगी, जुनी मैत्रीण.
- रोजची पंधरा मिनिटं.
- डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर: आधार कार्ड, जुने केसपेपर, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आणि असतील तर अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट.

खर्च जवळजवळ शून्य. या कामासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर दोनदा विचार करा.

१. आधी बघा: हा स्वभाव आहे की आजार?

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. मी ओलांडली होती, आणि माझे दोन महिने त्यात गेले. चिडचिड आणि थकवा हा माझा स्वभाव समजून मी वहीत कामं लिहीत बसले. नंतर कळलं की हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, झोप नीट न होणं, ही सगळी 'स्वभावाची' सोंगं घेऊन येतात. म्हणून आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, लक्षणं सांगा आणि कोणत्या तपासण्या लागतील ते विचारा.

मनाची पहिली तपासणी घरी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ पासून वापरात असलेली पाच प्रश्नांची एक पट्टी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी, प्रसन्न होते का? शांत, निवांत वाटलं का? अंगात उत्साह होता का? सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का? रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का? प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे. 'कधीच नाही' म्हणजे ०, 'सतत' म्हणजे ५. बेरजेला ४ ने गुणा. आकडा १०० पैकी येतो. ५० च्या खाली आला तर स्वभावाचा प्रयोग बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. हे निदान नव्हे, धोक्याचा दिवा आहे. माझा पहिला आकडा ४४ होता.

कुठे जायचं? साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. सांगलीकरांसाठी वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. सकाळी लवकर जा, केसपेपर काढताना "मानसोपचार विभाग" असं स्पष्ट सांगा. खिडकीसमोरच्या रांगेत ते मोठ्याने म्हणायला जीभ अडखळते, माझीही अडखळली. मागे उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "मी बी तिकडंच निघालीया, चल माझ्यासंगं." कधीकधी एवढंच पुरतं.

घराबाहेर पडणं शक्य नसेल तर टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, असं असेल तर हा लेख इथेच थांबवा, आत्ताच हा नंबर लावा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

२. चाचणी कोणती घ्यायची आणि कोणती नाही

माझे साडेतीन हजार रुपये इथे गेले. दोन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर होतं, शेवटी प्रत्येकाला चार पानी अहवाल मिळाला. 'तुम्ही वरून कणखर पण आतून हळव्या आहात, तुमच्यात अजून न वापरलेली क्षमता आहे.' वाचून डोळ्यांत पाणी आलं. आठवड्याने लक्षात आलं की माझा अहवाल सोबतच्या मैत्रिणीकडे गेला होता आणि तिचा माझ्याकडे. दोघींनाही तो आपलाच वाटला होता.

हा प्रकार फार जुना आहे. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या चाचणीचा निकाल' म्हणून एकच मजकूर दिला, आणि तो त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. वर्णन किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तेव्हा अहवाल वाचताना एकच कसोटी लावा: हे वाक्य शेजारणीलाही लागू पडेल का? पडत असेल तर त्यातून तुमच्याबद्दल काही कळलेलं नाही.

माणसांना चार रंगांत किंवा सोळा साच्यांत बसवणाऱ्या चाचण्यांपासूनही जपून राहा. बहुतेक माणसं कुठल्याही गुणाच्या मधल्या पट्ट्यात असतात. साचा केला की मधला माणूस उगाच या किंवा त्या कप्प्यात जातो, आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर अनेकांचा कप्पा बदललेला असतो.

संशोधक सर्वांत जास्त वापरतात ती पाच गुणांची मांडणी. बहिर्मुखता, म्हणजे माणसांत रमणं. सौजन्य, म्हणजे दुसऱ्याला सांभाळून घेणं. काटेकोरपणा. नव्या अनुभवांसाठीचा मोकळेपणा. आणि भावनिक अस्थिरता. या मांडणीची मुळं भाषेत आहेत. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास अठरा हजार शब्द काढले, आणि पुढच्या संशोधकांनी ते गाळत गाळत पाच मोठ्या गटांपर्यंत आणले. लुइस गोल्डबर्ग यांनी अशा चाचण्यांची विधानं सर्वांसाठी मोफत खुली केली. 'आयपीआयपी' (IPIP) या नावाने शोधा. १२० विधानांची आवृत्ती घरच्या वापराला पुरेशी आहे. निकाल दाखवण्याआधी मोबाइल नंबर किंवा पैसे मागणारं संकेतस्थळ असेल तर बंद करा.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

विधानं इंग्रजी असतात. शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नका, प्रसंग आठवा. 'मी अनोळखी माणसांशी बोलायला सुरुवात करते' याला मी काय उत्तर देऊ? हळदीकुंकवाला बसलेल्या दहा अनोळखी बायकांशी मी तासभर बोलेन. वार्षिक सभेत तोंडातून शब्द फुटत नाही. अशा वेळी 'बहुतेकदा कशी वागते' हे धरा, आणि ज्या प्रसंगाने अडखळलात तो वहीत लिहून ठेवा. चौथ्या पायरीला तोच कामाला येतो.

दुसरं, निकाल बऱ्याचदा पर्सेंटाइलमध्ये येतो, सीईटीसारखा. बहिर्मुखता ३० म्हणजे तुम्ही नापास नाही. शंभरातल्या तीसजणांपेक्षा तुमचे गुण जास्त आहेत, इतकंच. त्यातही ज्यांच्याशी तुलना झाली ती माणसं बहुतेक पाश्चात्त्य देशांतली असतात. म्हणून तुलना जगाशी नको, स्वतःच्याच मागच्या आकड्याशी करा.

तिसरं, कमी आकडा हा दोष नव्हे. शांत, कमी बोलणाऱ्या माणसाने बोलकं व्हायलाच हवं असं कुठलंही संशोधन सांगत नाही.

आणि चौथं, जे मला फार उशिरा कळलं: सुरू करण्यापूर्वी एकदा नाही, तीनदा मोजा, आठवड्याच्या अंतराने. आपण अशा गोष्टी सुरू करतो त्या सगळ्यात वाईट आठवड्यात. भांडण झालं, रडून झालं, की. त्यानंतर काहीही न करता आकडा थोडा सुधारतोच. तीन मोजण्यांची सरासरी काढली नाहीत तर त्या आपोआपच्या सुधारणेचं श्रेय भलत्याच गोष्टीला द्याल.

३. एकच गुण निवडा

एकच. पाचही सुधारायला निघालेली माणसं तिसऱ्या आठवड्यात वही बंद करतात. आणि कुणाच्या सांगण्यावरून निवडू नका. "जरा सगळ्यांत मिसळत जा" असं जाऊबाई म्हणतात म्हणून बहिर्मुखता घेतलीत, तर काम त्यांचं होईल, तुमचं नाही.

४. गुणाचं कामात रूपांतर करा

सगळा प्रयोग या एका पायरीवर उभा आहे.

नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३७७ विद्यार्थ्यांचा १५ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी बदलू इच्छित असलेला गुण निवडत आणि दर आठवड्याला यादीतून छोटी कामं घेत. ज्यांनी कामं पूर्ण केली त्यांच्यात बदल दिसला. नुसती इच्छा असून काही झालं नाही. आणि ज्यांनी कामं स्वीकारली पण केली नाहीत, ते किंचित उलट्या दिशेला सरकले. म्हणून मोठं काम घेऊन अर्धवट सोडण्यापेक्षा, वाचून हसू येईल इतकं लहान काम घ्या.

'मी कमी घाबरेन' हे काम नव्हे. 'मी आज एक फोन स्वतःहून लावेन' हे काम. माझ्या वहीतली यादी देते, तुमची तुम्ही करा.

पहिले चार आठवडे: वाजणारा फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. फोनआधी दोनदा नाकाने श्वास आत आणि तोंडाने एक लांब उच्छ्वास. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं असा श्वास घेणाऱ्यांची ध्यान करणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा लांब उच्छ्वासवाल्यांच्या मनःस्थितीत जास्त सुधारणा दिसली. कुणाच्या लक्षातही येत नाही, टेबलावर बसून करता येतं.

पाचवा ते आठवा: आठवड्यातून तीन सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने वर चढायचं. वरपर्यंत नाही गेलं तरी चालेल. चालणं, योग, वजनं उचलणं यांचा नैराश्याच्या लक्षणांवर होणारा परिणाम २०२४ मध्ये २१८ चाचण्या एकत्र करून तपासला गेला, आणि तिन्हींचा उपयोग दिसला. साताऱ्यात याला निमित्त शोधावं लागत नाही. हिल मॅरेथॉनमुळे निम्मं गाव यवतेश्वरच्या घाटात पळताना दिसतं.

नववा ते बारावा: साहेबांच्या केबिनमध्ये आठवड्यातून एकदा, बोलावणं नसताना, एक प्रश्न घेऊन जायचं. हे सगळ्यात अवघड होतं. पहिल्या वेळी दारापासून परत आले, आणि तसं वहीत लिहिलं. पुढच्या आठवड्याचं काम मी लहान केलं: नुसतं दार वाजवून "सर, उद्या पाच मिनिटं हवीत" एवढंच म्हणायचं. ते झालं.

तेरावा ते सोळावा: घरी पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कुणालाही सूचना द्यायच्या नाहीत. ना दप्तराबद्दल, ना भांड्यांबद्दल.

५. 'जर' आणि 'तर' लावा

काम ठरवलं तरी ऐनवेळी आठवत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर साधा उपाय मांडला: काम प्रसंगाला बांधायचं. 'जर फोन वाजला, तर मी आधी उच्छ्वास सोडून मग उचलेन.' 'जर चपला काढल्या, तर आधी पाणी पिईन आणि मग बोलेन.' २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि ठरवलेलं पार पडण्यावर याचा चांगलाच परिणाम दिसला. 'जर'च्या पुढे वेळेपेक्षा दिसणारी, ऐकू येणारी गोष्ट ठेवा. 'संध्याकाळी' विसरायला होतं, चपला विसरता येत नाहीत.

६. रोजची नोंद

तीन ओळी पुरेत: काम केलं का, त्या वेळी काय वाटलं, उद्या काय. कॅलेंडरवर खूण. बास.

एकवीस दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढून टाका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, वागणं अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचं मधलं मूल्य ६६ निघालं, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. बाविसाव्या दिवशीही फोनची भीती वाटली म्हणून मी रडले होते; हा आकडा माहीत असता तर रडले नसते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट: एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाटेत फारसा फरक पडत नाही. गौरी-गणपतीत माझे सलग पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पान उलटलं आणि पुढे लिहायला लागले.

७. घरातल्या एकाला विचारा

आपण बदललो असं आपल्याला वाटणं हा पुरावा कच्चा असतो. २०२१ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी मोबाइल ॲपवरून तीन महिने पंधराशेच्या वर लोकांवर असाच प्रयोग केला, तेव्हा त्यांनी त्यांच्या घरच्यांना आणि मित्रमैत्रिणींनाही विचारलं. ज्यांना एखादा गुण वाढवायचा होता, त्यांच्यातला बदल जवळच्यांनाही जाणवला होता, आणि पुढचे तीन महिने तो टिकून होता. एखादा गुण कमी करू पाहणाऱ्यांच्या बाबतीत मात्र जवळच्यांना तसा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून 'चिडायचं नाही' असं न मांडता 'शांतपणे बोलायचं' असं वाढवण्याच्या भाषेत ध्येय लिहा.

मी अकरावीतल्या मुलीला विचारलं. कामं कोणती ते तिला सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही सांगू नका. महिन्यातून एकदा तीन प्रश्न: मी या महिन्यात किती वेळा उगाच ओरडले? तुला माझ्याशी बोलायला सोपं गेलं का? काय वेगळं दिसलं? उत्तर ऐकताना खुलासे द्यायचे नाहीत. पहिल्या महिन्यात ती म्हणाली, "काहीच वेगळं नाही, मम्मी." लागलं मनाला. पण मी ते तसंच लिहून ठेवलं.

८. 'संशोधक म्हणतात' वाचताना

प्रयोग सुरू झाला की मोबाइलवर असल्याच बातम्या यायला लागतात. रोज नवी युक्ती, आणि तुमचं काम सोडून तिच्यामागे जावंसं वाटतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून बघितले गेले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत ठळक निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत मिळाला. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि धीर येतो, असं २०१० मध्ये गाजलं होतं. मोठ्या गटावर तपासल्यावर संप्रेरकांचा तो परिणाम सापडला नाही. त्या शिबिरात आम्हाला हेच करायला लावलं होतं.

बातमी वाचताना बघा: किती माणसं होती? तुलनेला दुसरा गट होता का? दुसऱ्या कुणी तेच करून पाहिलं का? आणि ती माणसं कुठली? २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचं बरंचसं ज्ञान सुशिक्षित, श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या माणसांवरून, त्यातही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरून आलेलं आहे. वर सांगितलेले माझे बहुतेक आधारही तिथलेच आहेत. एकत्र कुटुंबातल्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या बाईला ते जसेच्या तसे लागू पडतील असं धरून चालू नका, म्हणूनच वही. आपल्या मातीतलंही चांगलं काम आहे. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्यातल्या लोकांना छोट्या छोट्या कामांतून पुन्हा उभं केलं, आणि त्याची रीतसर चाचणी २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. 'आधी करा, बरं वाटणं मागून येईल' हेच तिथलंही सूत्र.

९. सोळाव्या आठवड्यात पुन्हा मोजा

तीच चाचणी, तीच पाच प्रश्नांची पट्टी, शक्यतो आठवड्यातल्या त्याच वारी, त्याच वेळी. आधीचे आकडे झाकून ठेवा. पुन्हा तीनदा, आठवड्याच्या अंतराने, आणि सरासरी.

माझी पाच प्रश्नांची सुरुवातीची सरासरी ४८ होती, शेवटची ६४. यात हिमोग्लोबिनच्या गोळ्यांचा वाटा किती आणि वहीचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. भावनिक अस्थिरतेचा आकडा उतरला, पण मनात धरलं होतं त्यापेक्षा कमी. बहिर्मुखता, जिच्यासाठी काहीच केलं नव्हतं, ती आहे तिथेच राहिली, आणि त्याने मला उलट धीर आला: आकडे सगळेच वर गेले असते तर मी स्वतःला खूश करत असल्याची शंका आली असती.

आकडा हलला नाही तर वही उघडा आणि कामं खरोखर किती झाली ते मोजा. निम्म्याहून कमी असतील तर कामं मोठी होती. निम्मी करा आणि पुन्हा आठ आठवडे द्या. कामं झाली आणि तरीही काही नाही, तर समुपदेशकाकडे जायची वेळ आहे. जाताना वही सोबत न्या, पहिल्या भेटीतली अर्धी विचारपूस त्यातच लिहिलेली असते.

चौथ्या महिन्यात मुलीला तेच तीन प्रश्न विचारले. ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "तू आता घरी आल्यावर आधी पाणी पितेस."

पुढची वही पाडव्याला सुरू करतेय. गुण तोच ठेवलाय, कामं नवी आहेत. पहिलं काम वार्षिक सभेतलं आहे: हात वर करून एक प्रश्न विचारायचा, बसल्या जागेवरून.